‘उन्हाळी लागली’ म्हणजे काय?

राहाता तालुक्यातली एखादी म्हातारी दवाखान्यात येऊन ‘उन्हाळी लागलीय’ म्हणाली, तर इथल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. लघवीला जळजळ होतेय, थेंब थेंब होतेय, एवढं सगळं त्या दोन शब्दांत येऊन जातं. पण केस पेपर लिहिणारी सिस्टर कोट्टायमकडची असेल किंवा ब्रदर सीकरकडचा असेल, तर त्यांच्या हाती फक्त ऊन लागणार. बाईला उन्हाचा त्रास झालाय असं समजून ते भरपूर पाणी प्यायला सांगतील. (सल्ला चुकून बरोबर निघेल, पण लघवीची तपासणी राहून जाईल.) ‘दिवस गेलेत’ म्हणणाऱ्या बाईचे कुठले दिवस गेले, ‘अंगावर जातंय’ म्हणजे कुणाच्या अंगावर काय जातंय, ‘पाठीत उसण भरली’ यात कुणी काय भरलं, हे मराठी घरात न वाढलेल्याला कळायचं कसं? उलट बाजूही आहे. हिंदीभाषक डॉक्टर राउंडला ‘ये गोली कल से बंद’ म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. हिंदीतला ‘कल’ मागे जातो तसा पुढेही जातो. मराठी कान मात्र ‘काल’च ऐकतो. गोळी उद्यापासून थांबवायची की ती कालच थांबली, हे त्या वाक्यातून कळत नाही. मराठीनं फार ऐट मिरवायचं कारण नाही, आपला ‘परवा’ही दोन्ही दिशांना चालतो. आणि ‘दीड’, ‘अडीच’, ‘पाऊण’ हे शब्द आपल्याला इतके सवयीचे आहेत, की समोरच्याला ते कळले का, हे विचारायचंही सुचत नाही.

याच तालुक्यातल्या शिर्डीत या गमती गमतीच्या राहत नाहीत. साईबाबा संस्थानाचं श्री साईनाथ रुग्णालय १९६४ पासूनचं, आणि २००६ पासून त्याला श्री साईबाबा हॉस्पिटल या सुपर स्पेशालिटी रुग्णालयाची जोड मिळाली. पुढच्या दीड दशकात गाव तिन्ही वाटांनी देशाला जोडलं गेलं. २००९ मध्ये साईनगर शिर्डी स्थानकापर्यंत रेल्वे आली, ऑक्टोबर २०१७ मध्ये काकडीला विमानतळ सुरू झाला, डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. दर्शनाला येणाऱ्यांत तेलुगू, तमिळ, कन्नड, गुजराती, हिंदी बोलणारे मुबलक, आणि त्यांत वय झालेले, प्रवासानं शिणलेले, रांगेत उभे राहून साखर उतरलेले किंवा छातीत कळ आलेले असणारच. म्हणजे नगरपंचायतीतून नगरपरिषद झालेल्या एका गावाच्या दवाखान्यांना महानगराला शोभेल अशी भाषांची सरमिसळ झेलावी लागते. शिवाय जो ‘इथला’ रुग्ण आपण गृहीत धरतो, तोही एका साच्यातला नाही. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून टोळ्या येतात, त्यांत बंजारा बोली बोलणारे असतात; अकोले तालुक्याच्या डोंगरातून ठाकर आणि महादेव कोळी कुटुंबं उतरतात. ठाकर-कोळी कुटुंबांचं आणि कोपरगावच्या प्राध्यापकाचं मराठी एकच आहे असं फक्त जनगणनेत म्हणता येतं.

उपचार करणारा चमूही तसाच. सरकारी पदव्युत्तर वैद्यकीय जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, त्यामुळे निवासी डॉक्टर कुठल्याही राज्यातला असू शकतो. शिर्डीजवळच्या लोणीत १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं. आज ते अभिमत विद्यापीठाचा भाग आहे आणि तिथली मुलं देशभरातून येतात. केरळच्या सिस्टर महाराष्ट्राला नव्या नाहीत, राजस्थानचे ब्रदर आता सवयीचे होत आहेत. खासगी रुग्णालयांत रात्रीचा आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) बऱ्याचदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो, म्हणजे पॅथीही वेगळी. आणि या सगळ्यांच्या खाली मावशी आणि मामा: बहुधा आसपासच्या गावांतले, बहुधा कंत्राटी, आणि कुठल्या जातींतून आलेले हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. वैविध्य म्हटलं की आपल्याला आधी प्रांत आणि भाषा आठवते. पण शिक्षण, पॅथी, पगाराचा प्रकार, बाई की पुरुष, जात, हे भेद एकाच वॉर्डात एकावर एक रचलेले असतात, आणि भाषा हा त्यांतला सगळ्यात वरचा, चटकन दिसणारा थर आहे.

या चित्राकडे पाहून सहसा निघणारा निष्कर्ष असा: बाहेरची माणसं आली, म्हणून संवाद तुटला. मला तो उलटा वाटतो. दवाखान्यातलं बोलणं मुळातच अंदाजावर चालतं. अर्धं वाक्य, एक हातवारा, ‘त्या सात नंबरचं बघा जरा’, आणि बाकीचं समोरच्यानं ओळखायचं. सगळे एका मुलखातले असले की हा अंदाज दहापैकी नऊ वेळा बरोबर येतो, त्यामुळे दहाव्या वेळेची कुणी तजवीज करत नाही. चमू मिसळीचा झाला की अंदाज चुकायला लागतात आणि तोवर झाकून राहिलेली गोष्ट उघडी पडते: या बोलण्याला घडण अशी नव्हतीच. आणि अंदाजाहून मोठा अडसर आहे तो उतरंडीचा.

सकाळी आठला ड्युटी बदलते, ती वेळ डोळ्यांसमोर आणा. रात्रीची सिस्टर ओव्हर देतेय, सकाळची घेतेय. खाटा भराभर मागे पडतात: तीनला ताप नाही, चारचं सलाइन दहाला संपेल, पाचचं ड्रेसिंग, सातला साखर रात्री दहाला एकशे ऐंशी, इन्सुलिन दिलं. आरएमओ सही करून निघण्याच्या घाईत आहे. चार पावलांवर मावशी चादरी गोळा करतेय. सात नंबरच्या आजोबांनी रात्रीच्या ताटाला हातच लावला नव्हता, हे त्या खोलीत एकट्या मावशीला माहीत आहे, कारण भरलेलं ताट तिनंच परत नेलं. इन्सुलिन टोचलेला म्हातारा उपाशी आहे, ही त्या ओव्हरमधली सगळ्यात महत्त्वाची बातमी आहे आणि ती कुणी बोलत नाही. आता यातल्या चौघांनाही राहाता तालुक्यातच जन्माला घाला. चौघांची मातृभाषा मराठी करा. मावशी तरीही बोलणार नाही. तिला कुणी विचारलेलं नाही, आणि न विचारता बोललं की ‘मावशी, तुम्ही तुमचं काम बघा’ हे ऐकावं लागतं, हे ती पहिल्याच आठवड्यात शिकलेली असते. आधी सिस्टर केरळची होती म्हणून बातमी अडली असं आपण म्हटलं असतं. आता म्हणायला भाषा उरली नाही.

याचा अर्थ भाषेचा धोका किरकोळ आहे असा नव्हे. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतल्या अनिष्ट घटनांची तुलना २००७ साली प्रसिद्ध झाली. इंग्रजी नीट न येणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत अशा घटनांपैकी ४९.१ टक्के घटनांत शरीराला इजा झाली होती, इंग्रजी बोलणाऱ्यांत २९.५ टक्के. मग उपाय म्हणून आपण काय करतो? शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाला बोलावतो, लॉजवरच्या पोऱ्याला फोन लावतो. याबद्दलचा पुरावा तर डोळे उघडणारा आहे. ग्लेन फ्लोरेस आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या आपत्कालीन विभागांतली संभाषणं तपासून २०१२ मध्ये जे मांडलं, त्यात भाषांतराच्या चुकांपैकी उपचारावर परिणाम करू शकतील अशा चुका शिकलेल्या दुभाष्याच्या बाबतीत १२ टक्के होत्या, दुभाषी नसताना २० टक्के, आणि हाताशी आला त्याला दुभाषी केलं तेव्हा २२ टक्के. म्हणजे कुणीतरी धरून आणणं हे कुणीच नसण्यापेक्षा बरं निघालं नाही. शंभर तासांहून अधिक प्रशिक्षण घेतलेल्या दुभाष्याच्या बाबतीत मात्र हाच आकडा २ टक्क्यांवर आला.

शिर्डीला हे पटवून घेणं जड जाईल, कारण शिर्डीच्या बाजारानं दुभाष्याचा प्रश्न केव्हाच सोडवलाय. हार-प्रसादाच्या दुकानातला मुलगा तेलुगूत भाव सांगतो, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून कन्नडकडे वळतो. आंध्र पद्धतीच्या जेवणाच्या पाट्या तेलुगू लिपीत आहेत. कुणी वर्ग काढले नाहीत, कुणी आदेश काढले नाहीत. मग दवाखान्यालाही असंच आपोआप जमेल असं वाटणं साहजिक आहे. पण बाजारातलं वाक्य अदमासे असून चालतं. भाव चुकला तर पुन्हा विचारता येतो, आणि चुकलाय हे दोघांनाही तिथल्या तिथे कळतं. ‘कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का’ या प्रश्नाला आलेलं चुकीचं ‘नाही’ मात्र बरोबर ‘नाही’सारखंच दिसतं. हारवाल्याची तेलुगू आणि वॉर्डातली तेलुगू यांत शब्दसंग्रहाचा फरक आहेच, पण चूक कधी कळते हा फरक त्याहून मोठा.

बोलण्याला घडण द्यायची म्हणजे काय, याचे नमुने तयार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेसाठी केलेल्या तपासणी-यादीत छेद देण्याआधीची एक पायरी अशी आहे: खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. आपल्याकडे याला हसणारे बरेच भेटतील. रोज एकत्र काम करणारी माणसं काय नावं सांगत बसणार! पण नाव सांगण्यात ओळख करून देण्याइतकंच दुसरं काम दडलंय: ज्यानं एकदा तोंड उघडलं, त्याला दुसऱ्यांदा उघडणं सोपं जातं. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली, त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंतींचं ११ वरून ७ टक्क्यांवर उतरलं. पाळीबदलाच्या ओव्हरला ठरलेला साचा देऊन अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांत जो अभ्यास झाला, त्यात वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या. ते वर्ष २०१४. तोंडी आदेश ऐकणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवायचा, ही पद्धत तर त्याहून साधी. ‘कल से बंद’ ऐकणाऱ्या सिस्टरनं ‘म्हणजे आज रात्रीची द्यायची, उद्या सकाळपासून नाही’ एवढं म्हटलं की ‘कल’चा गुंता तिथेच सुटतो.

आणि तरीही, यादी भिंतीवर लावली की झालं असं समजणाऱ्यांसाठी त्याच २०१४ सालचा दुसरा अभ्यास वाचायला हवा. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांनी शस्त्रक्रियेची तीच यादी लागू केली, आणि मृत्यूंत किंवा गुंतागुंतींत लक्षणीय फरक पडला नाही. यावर पुष्कळ वाद झाला. माझ्या मते त्याचा सरळ अर्थ असा की वरून आलेला कागद कुणीही भरू शकतं. खूण करायला तोंड उघडावं लागत नाही. एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या चमूंचा अभ्यास केला, तेव्हा आधी कोड्यात टाकणारी गोष्ट हाती लागली: जे चमू चांगले, त्यांच्याकडेच औषधांच्या चुकांची नोंद जास्त. उलगडा असा झाला की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, बोलून दाखवल्या जात होत्या. आपल्याकडे ज्या वॉर्डाच्या रजिस्टरात वर्षभरात एकही चूक नाही, त्याचं कौतुक होतं. खरं तर त्या वॉर्डात आधी जाऊन बसायला हवं.

उतरंड मोडून बोलणं कसं घडवायचं, याचा जगानं दखल घेतलेला धडा शिर्डीच्याच जिल्ह्यात गिरवला गेलाय, हे आपण विसरतो. क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठ्या असलेल्या या जिल्ह्याच्या वायव्येला शिर्डी, तर आग्नेयेला जामखेड. तिथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. मेबल मूळच्या तमिळ घरातल्या. आधी त्यांनी शिकलेल्या नर्स गावांत नेमून पाहिल्या. जमलं नाही. परक्या गावात एकटी राहणारी तरुण मुलगी, तिचं ऐकणार कोण? मग गावातल्याच बाईला तयार करायचं ठरलं. या बायकांतल्या अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या, हे सत्तरच्या दशकातल्या नगर जिल्ह्यात. प्रकल्पाच्या गावांत सुरुवातीला दर हजारी पावणेदोनशेच्या घरात असलेले बालमृत्यू त्या दशकाच्या मध्यापर्यंत पन्नाशीच्या आसपास आले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ही गोष्ट बहुतेकदा ‘गावातलीच बाई नेमली म्हणून जमलं’ अशी सांगितली जाते. ती अर्धीच आहे. गावातली बाई चमूत आली, त्यामुळे कोणत्या घरात बाळाला पहिले तीन दिवस अंगावर पाजत नाहीत, कुणाकडे गर्भारणीला कमी जेवू घालतात, हे माहीत असलेलं माणूस चमूत आलं. पण माहीत असणं आणि ते डॉक्टरच्या कानापर्यंत पोचणं यांत उतरंडीची आठ-दहा पायऱ्यांची वाट असते. ती वाट जामखेडला दर आठवड्याच्या बैठकीनं कापली. ठरलेला वार, ठरलेली जागा, आणि डॉक्टरांनी ऐकायचं. २००५ पासून देशभर आशाताई आल्या, त्यांत जामखेडचा पहिला अर्धा भाग उतरला. दुसरा उतरला असं मला वाटत नाही. आशाताईकडून अहवाल मागितला जातो, तिला मत क्वचित विचारलं जातं.

जामखेडवरूनच एक आक्षेप निघतो: मग सगळीकडे स्थानिकच नेमा ना. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते झटकून टाकू नये. राहात्याच्या म्हातारीची उन्हाळी समजायला मराठी यायलाच हवं. इथे काम करणाऱ्या प्रत्येक परप्रांतीय डॉक्टरला आणि नर्सला दुखण्याचं मराठी शिकवणं हे रुग्णालयाचं कर्तव्य आहे, मेहरबानी नव्हे. पण स्थानिक म्हणजे कोण, हे आधी ठरवा. गुंटूरहून आलेल्या आजीच्या दृष्टीनं अख्खं शिर्डी परकं आहे. ठाकरवाडीतल्या बाळंतिणीला राहात्याची सिस्टर तितकीशी जवळची नाही. आणि एका गावच्या माणसांचा चमू म्हणजे जातीचे, नात्यांचे, पुढाऱ्यांच्या गटांचे अबोलेही सोबत आले. कुणाच्या वहिनीची चूक कुणी दाखवायची? बाहेरून आलेल्या ब्रदरला निदान तो हिशेब ठेवावा लागत नाही.

दुसरा आक्षेप संशोधनातूनच येतो आणि तो अधिक अडचणीचा आहे. कॅथरीन विल्यम्स आणि चार्ल्स ओ’रायली यांनी १९९८ मध्ये चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेऊन म्हटलं, की नुसतं वैविध्य, त्याला काही जोड न देता, चमूच्या कामाला मदत करण्यापेक्षा अडथळाच करण्याची शक्यता जास्त. हे मला पूर्ण मान्य आहे. डबा खाताना मल्याळी सिस्टर एका टेबलाशी, राजस्थानी ब्रदर दुसऱ्याशी, मावशी जिन्याखाली, हे दृश्य दुर्मीळ नाही. आणि जिथे डबे एकत्र उघडत नाहीत, तिथे अडचणीच्या गोष्टीही एकमेकांना सांगितल्या जात नाहीत. ‘सबका मालिक एक’ ही पाटी गावभर आहे, पण ती ओव्हर घेत नाही. मुद्दा ‘काही जोड न देता’ या शब्दांवर आहे. मिसळीचा चमू आपोआप चांगला बोलत नाही; एकजिनसी चमूही बोलत नाही, फक्त त्याचं न बोलणं उशिरा कळतं.

इंग्रजी आहे की सगळ्यांना जोडायला, हा युक्तिवाद मी थोडक्यात निकालात काढतो. इंग्रजी डॉक्टर आणि सिस्टर यांच्यात चालते. रुग्णाला कूस बदलून देणाऱ्या, ताट नेणाऱ्या, लघवीचं भांडं रिकामं करणाऱ्या माणसाला केस पेपर वाचता येत नाही, आणि रुग्णाच्या अंगात काय होतंय ते सगळ्यात आधी त्याला दिसतं.

उरला तो वेळेचा प्रश्न, आणि तोच खरा आहे. एका सिस्टरवर पंचवीस-तीस रुग्ण असताना तिला परत म्हणून दाखवायला सांगणं निर्दय वाटतं. पण ड्युटीचा तक्ता पाहा: आठ ते दोन, दोन ते आठ, रात्री आठ ते सकाळी आठ. एकीची वेळ संपते त्याच मिनिटाला दुसरीची सुरू होते. ओव्हरला तक्त्यात जागाच नाही. जाणारीनं थांबून किंवा येणारीनं लवकर येऊन, दोघींपैकी कुणीतरी स्वतःच्या वेळेतून ते करायचं. दिवसाला तीन ओव्हर, प्रत्येकी पंधरा मिनिटं, म्हणजे दर जागेमागे रोजचा पाऊण तास पगारी धरावा लागेल. कुठल्याही प्रशासनाला हा खर्च मांडता येतो आणि नाकारताही येतो, पण संवाद हा स्वभावाचा प्रश्न आहे असं मग म्हणता येणार नाही. या पाऊण तासात ‘उन्हाळी’, ‘अंगावर जाणं’, ‘उसण’ यांची वॉर्डातली यादी वाढत जाईल, तेलुगू येणारा कोण हे ठरलेलं असेल, आणि सात नंबरच्या खाटेशी पोचल्यावर विचारता येईल: मावशी, आजोबा जेवले का? त्यासाठी मावशीला त्या घोळक्यात उभं राहण्याची परवानगी लागेल. तिच्या कंत्राटात झाडणं, पुसणं, चादरी, भांडी, ने-आण असं एकेक काम लिहिलेलं असतं; ओव्हरला हजर राहणं हे काम म्हणून अजून कुणी त्यात घातलेलं नाही.